तिसऱ्या सिलिंडरचे दोन बोल्ट

इंदूर
१० डिसेंबर २०२४

दाजी यांस,
सा. नमस्कार.

तुमचा फोन आठ दिवस बंद आहे. ताईला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही झोपलेले होतात. म्हणून लिहिते.

२९ नोव्हेंबरला आमच्या कारखान्यात लाकडी पेटीतून एक इंजिन आलं. चार सिलिंडरचं, आडवं, हवेवर थंड होणारं. पेटीवर चौकशी अधिकाऱ्यांचं सील आणि कागदांवर तुमच्या उड्डाणशाळेचं नाव. २१ नोव्हेंबरला जे विमान उसात पडलं, त्याचं हे इंजिन. प्रशिक्षक जागीच गेले. शिकणारी मुलगी वीस वर्षांची आहे. तिच्या मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, कंबरेखाली अजून हालचाल नाही. हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं वाचताना ते समोर असावं म्हणून लिहिलं.

इंजिन खोलायचं काम माझ्याकडे आहे. आधी बाहेरून फोटो, मग तेल काढून गाळायचं. गाळणीत चमचाभर धातूचा चुरा निघाला. मग मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, एकेक सिलिंडर, एकेक पिस्टन. प्रत्येक भागाला क्रमांकाची पट्टी बांधायची आणि काढला त्याच क्रमाने टेबलावर मांडायचा. ६ तारखेला क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे, दोन अर्धे वेगळे केले. दोन्ही अर्ध्यांच्या सांध्यात तेल गळू नये म्हणून रेशमी दोरा घालतात, वर सीलंटचा पातळ हात. दोरा पांढरा असतो. या दोऱ्याचा मागच्या बाजूचा बोटभर भाग पिवळा होता. सीलंटखाली दबलेला, त्यामुळे तेल तिथे पोचलं नव्हतं. मी टोकावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. टोक लाल झालं. म्हणजे हळद.

वारूळवाडीच्या गॅरेजात मी तीन वर्षं तुमच्या शेजारी बसले. ट्रॅक्टर असो, पंपाचं इंजिन असो, जोडून बंद करण्याआधी तुम्ही धामणखेलच्या खंडोबाचा भंडारा चिमटीत घेऊन मागच्या सांध्यावर सोडायचात. असं करणारा दुसरा मिस्त्री मला आजवर भेटलेला नाही.

नोंदवहीत वेगळं आहे. पूर्ण दुरुस्तीनंतर १४ ऑगस्टला इंजिन जोडलं, ते मोहित सरांनी. सही त्यांची. तुम्ही तिथे मदतनीस आहात. भाग धुणं, पाने देणं. परवानाधारक इंजिनिअर समोर नसताना इंजिन जोडून बंद करायची तुम्हाला परवानगी नाही.

तेव्हा तीन प्रश्न. इंजिन कोणी जोडून बंद केलं? मोहित सर समोर होते का? आतले भाग कोणी बसवले?

दोऱ्याचा फोटो लांबून आहे, पिवळं त्यात दिसत नाही. आमच्या साहेबांनी त्या डागाबद्दल विचारलं तेव्हा मी सीलंटचा डाग म्हणाले. जवळच्या नातेवाइकाचा संबंध असेल तर तो लेखी कळवायचा नियम आहे. मी अजून कळवलेलं नाही.

अश्विनी

*

वारूळवाडी
१६ डिसेंबर

अश्विनीस दादाभाऊचा नमस्कार.

खुशाली तू इचारली न्हाई, मग मी बी सांगत न्हाई. फोन बंद न्हाई, चौकशीवाल्यांनी नेलाय. तुझ्या ताईच्या, पुष्पाच्या फोनवर बोलायची भीती वाटती. कागदच बरा. वाचून फाडून टाक.

मेव्हणी म्हंजे चेष्टेचं नातं, आन् तू मला प्रश्नपत्रिका धाडली. पास झालो तर काय देनार?

शाळेनं रजेवर घालवलंय. हितं गॅरेज परत उघडलं, पन कोन फिरकत न्हाई. परवा बेल्ह्याच्या बाजारात गेलो व्हतो. बैलवाल्या एका व्यापाऱ्याचा टेंपू बंद पडलेला. मी बॉनेट उघडलं तर गावातला गेणभाऊ चहाच्या गाड्यावरनं वरडला, "ओ पावणं, त्याला हात लावू देऊ नका, त्यानी हात लावलेलं वरनं खाली येतं." समदा बाजार हसला. मी बी हसलो, काय करनार. टेंपू चालू केला. तर व्यापारी आत बसंना. म्हणला, "भाऊ, आदी तुमी एक चक्कर मारून या, मग मी बसतो." मारली चक्कर.

आता तुझं. दोरा मी लावला. भंडारा बी मीच सोडला. देवाचं नाव घेतलं, त्यात गुन्हा काय? बाकीचं समदं सरांचं. हळदीनं काय इंजिन फुटतं व्हय? तेवढा दोरा पुसून टाक. पेट्रोलचा बोळा आन् दोन मिनटं. खोलीची किल्ली तुझ्याकडंच असंल.

पुष्पाला मी काय बोललो न्हाई. ती म्हणती, अश्विनी हाय ना तिथं, मग कशाला घोर करायचा.

तुझा दाजी

*

इंदूर
२१ डिसेंबर

दाजी यांस,
सा. नमस्कार.

हळदीने इंजिन फुटत नाही, हे बरोबर. हळद फक्त कोणाचा हात होता ते सांगते. इंजिन कशाने फुटलं ते वेगळं आहे.

तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचा एक बोल्ट तुटला. रॉड मोकळा झाला आणि क्रँककेस फोडून बाहेर आला. तुटलेल्या तोंडावर भिंगातून वलयं दिसतात, झाडाच्या खोडात असतात तशी. म्हणजे तो एका फटक्यात तुटलेला नाही. इंजिन एकसष्ट तास चाललं आणि त्यातले बरेच तास तो तुटत होता. बोल्ट नीट आवळलेला असता तर असं होत नाही.

दोरा लावला की सीलंट सुकायच्या आत दोन्ही अर्धे जुळवावे लागतात. रॉड त्याआधीच क्रँकशाफ्टवर चढलेले असतात. म्हणून "फक्त दोरा" या उत्तराने काही कळत नाही. शिवाय शाळेच्या कागदांत टॉर्क पान्याची, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायच्या पान्याची, नोंद आहे. तो १२ ते १९ ऑगस्ट तपासून घ्यायला पुण्याला गेला होता. मग १४ तारखेला बोल्ट कशाने आवळले?

काय पुसायचं आणि काय नाही, हे सगळं कळल्याशिवाय मला ठरवता येणार नाही. घडलं तसं क्रमाने लिहा. मधलं काही गाळू नका. ताई म्हणते ते खरं आहे, मी इथे आहे.

अश्विनी

*

वारूळवाडी
२८ डिसेंबर

अश्विनीस,

तीन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. तुझ्याशी खोटं बोलून उपेग न्हाई, तू इंजिनाला इचारून घेशील. म्हणून लिवतो.

पंधरा ऑगस्टला शाळेत पावणे येनार व्हते. झेंडा झाला की इमानाची फेरी, असा मालकाचा हट्ट. इमान तीन व्हती, दोन बिघडून उभी, तिसऱ्याचं हे इंजिन. या इंजिनाचे भाग महिनाभर टेबलावर. मोहित सरांनी तेराला सकाळी क्रँकशाफ्ट मोजला आन् दुपारी सासऱ्याला दवाखान्यात टाकलं म्हणून मंचरला गेले. जाताना कागदावर सह्या करून ठेवल्या. मला म्हणले, "दादाभाऊ, तू नुसतं मांडून ठेव, मी पहाटं येतो." पहाटं आले न्हाईत. चौदाला धा वाजता फोन केला, तर म्हणले, "तुला काय सांगायचं, तू आमच्यापेक्षा जास्त इंजिनं बांधलीत. बांध. मी आल्यावर बघून घेतो."

त्ये वाक्य ऐकून मला लई बरं वाटलं, हे बी लिवतो. चार वर्षं मी तिथं पाने पुसले. कोन "ए दादा" म्हणायचं, कोन नुसतंच "ए". त्या दिशी पयल्यांदा कुनीतरी मिस्त्री म्हणलं.

नव्या बोल्टच्या पाकिटात आठ पायजेत, सहाच निघाले. मालकाला सांगितलं तर म्हणला, "दोन बोल्टासाठी इमान अडवनार व्हय रे?" जुने दोन धुतले, भिंगाखाली बघितले. चीर न्हवती. तेच चढवले. टॉर्क पाना न्हवता हे तुला कळलंच. मनगटानं आवळले. माझं मनगट तुला ठाव हाय. डिंगोऱ्यापासून आळेफाट्यापर्यंतची इंजिनं ह्या मनगटानं बांधलीत, एक बी परत आलं न्हाई.

मग दोरा, भंडारा, येळकोट म्हणून क्रँककेस बंद. संध्याकाळी सर आले. वरून बघितलं, चालू करून ऐकलं, पाठीवर थाप मारली. पंधराला इमान उडालं, पावण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हँगरच्या सावलीत उभा व्हतो.

ती पोरगी रोज इमानात बसायच्या आदी मला "काका, ठीक आहे ना?" असं इचारायची. मी म्हणायचो, ठीक हाय. एकवीस तारखेला बी म्हणलो.

आता तू सांग काय करू. तू म्हणशील तसं करतो.

तुझा दाजी

*

इंदूर
३ जानेवारी २०२५

दाजी यांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. स्पष्ट लिहिलंत, त्यामुळे काम सोपं झालं. तीन गोष्टी राहिल्या.

एक. जुने दोन बोल्ट कोणत्या सिलिंडरच्या रॉडला बसवले?
दोन. जुने चालतील हे कशावरून ठरवलंत? कोणी सांगितलं असेल तर नाव आणि प्रसंग लिहा.
तीन. पत्राखाली पूर्ण नाव आणि तारीख घाला. नुसतं "दाजी" नको. कागद लावताना गोंधळ होतो.

तोवर कोणाशी बोलू नका. मोहित सरांशीही नाही.

अश्विनी

*

वारूळवाडी
९ जानेवारी २०२५

अश्विनीस,

तुझ्या तीन गोष्टींची उत्तरं.

जुने दोन बोल्ट तिसऱ्या सिलिंडरला. दोन्ही त्याच रॉडला.

दुसरं. कुनी सांगितलं म्हणशील तर तूच सांगितलं व्हतं. २०१९ ची दिवाळी आठव. तू कॉलेजातनं आली व्हतीस, नवा मायक्रोमीटर घेऊन. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी गॅरेजात स्टुलावर बसून ट्रॅक्टरच्या रॉडचे बोल्ट मोजले. म्हणलीस, "दाजी, लांबी वाढली नसेल तर बोल्ट ताणलेला नाही. परत घालायला हरकत नाही. विमानालाही हाच हिशोब." मी इचारलं बी, विमानाला बी? तू हसलीस, म्हणलीस, "लोखंडाला काय कळतंय ते कुठे चाललंय." लई आवडलं व्हतं मला ते. चार ठिकानी सांगितलं, आमची मेव्हणी असं म्हणती.

म्हणून चौदाला ते दोन बोल्ट मी मोजले. लांबी बरोबर भरली. तुझं मोजमाप कदी चुकत न्हाई, म्हणून मी निवांत व्हतो.

तुला दोष देत न्हाई. तू इचारलंस म्हणून सांगितलं. मनगटाची चूक माझीच.

पाकीट बंद करून पुष्पाला देतो, ती नारायणगावला टपालात टाकंल. तिला वाटतंय मी तुझ्याकडं नोकरीचं इचारतोय.

दादाभाऊ जानकू, वारूळवाडी. ९ जानेवारी २०२५

*

वारूळवाडी
१२ फेब्रुवारी

अश्विनी,

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून लिवते.

शुक्रवारी पोलीस आले. हे गॅरेजात द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर खोलून बसले व्हते, द्राक्षवाले गेले महिनाभर परत यायला लागले व्हते. हात पुसायला बी येळ दिला न्हाई. आमच्या म्होरल्या घरची समदी भिंतीवर बसून बघत व्हती.

त्यांच्यातल्या एकाकडं कागद व्हते. यांच्याच अक्षरातले. मी वळखलं. साहेबांनी यांना दाखवून इचारलं, "हे तुझंच अक्षर का?" हे म्हणले, हो. मग यांनी इचारलं, "किती पत्रं हायेत?" साहेब म्हणला, दोन. हे म्हणले, "तीन असतील, बघा." साहेबांनी परत मोजली. दोनच. मग हे गाडीत चढले.

मोहित सरांना बी धरलंय म्हणत्यात. मालक मोकळा हाय.

अश्विनी, यांनी तुला लिवलेली पत्रं पोलिसांकडं कशी गेली? कुनी चोरली का? आन् तिसऱ्याचं काय? ते मीच टपालात टाकलं व्हतं, तिकीट मी चिकटवलं.

बाबा डिंगोऱ्याहून आलेत. मेंढरं शेजाऱ्यावर सोडून बसून हायेत. तुझं नाव निघालं की उठून भाईर जात्यात.

पुष्पा

*

इंदूर
१९ फेब्रुवारी

ताई,

पत्रं कोणी चोरली नाहीत. मी दिली.

१३ जानेवारीला मी नातं लेखी कळवलं आणि दाजींची पत्रं अहवालाला जोडली. दोऱ्याचा तुकडाही. इंजिनाने सांगितलं त्यात आणि दाजींनी लिहिलं त्यात कुठे फरक नाही, त्यामुळे अहवाल लवकर मान्य झाला. दोरा पुसला असता तर चौकशी मोहित सरांच्या सहीपाशी थांबली असती आणि खरं कधी कळलं नसतं. एक माणूस मेला आहे. एक मुलगी चालत नाही. घरचा माणूस आहे म्हणून भागाला वेगळी पट्टी बांधता येत नाही.

मी त्यांना फसवून लिहायला लावलं असं तुला वाटेल. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. माझ्या पत्रांत एकही वाक्य खोटं नाही, पुन्हा वाचून बघ.

मला दोन पत्रं मिळाली, दोन दिली. तिसरं आलं नाही. साध्या टपालात पत्रं गहाळ होतात, रजिस्टर करायला हवं होतं.

गैरसमज राहू नये म्हणून एक स्पष्ट करते. त्या दिवाळीत बोल्टच्या लांबीबद्दल मी जे म्हणाले, ते मधल्या तपासणीपुरतं होतं. पूर्ण दुरुस्तीत रॉडचे जुने बोल्ट मोजायचेच नसतात, टाकून द्यायचे असतात. दाजींनी दोन्ही एक केलं.

१ मार्चपासून मला तपासणी विभागाचं प्रमुख केलं आहे. वकिलाची गरज असेल तर पुण्यातलं एक नाव कळवते.

अश्विनी

*

वारूळवाडी
२६ फेब्रुवारी

अश्विनी,

तिसऱ्या पत्रात काय व्हतं ते मला म्हाईत न्हवतं. पाकीट बंद व्हतं. मी तुला लिवलेल्या पत्रात बोल्टचं नाव न्हाई, दिवाळीचं न्हाई. तुझं पत्र मी परत परत वाचून बघितलं, तू म्हणलीस तसं. मग न मिळालेल्या पत्रातली दिवाळी तुझ्या पत्रात कुठनं आली?

काल जेलात भेटीला गेले. मधे जाळी. मी इचारलं, अश्विनी दिवाळीत बोल्टचं काय म्हणली व्हती? हे म्हणले, "तुला कुनी सांगितलं?" मी म्हणलं, तिनंच. तुझं पत्र मी यांना जाळीतनं वाचून दाखवलं. परत एकदा वाच म्हणले, ते बोल्टचं तेवढं. वाचलं. मान हलवली आन् म्हणले, "तिचं बरोबर असंल. माझ्या अर्धंच ध्यानात राहिलं असंल."

मी म्हणलं, हे पत्र वकिलाला देते. तिला बी बोलावू द्या कोर्टात, तिला बी इचारू द्या एक, दोन, तीन. तर न्हाई म्हणले. माझ्याकडनं शब्द घेतला. म्हणले, "माझं गेलं ते गेलं. तिला तरी तिथं ऱ्हावू दे."

म्हणून तुझं ते पत्र माझ्या पेटीत हाय, दुसऱ्या कुनाला दाखवलं न्हाई. वकिलाचं नाव धाडू नको. गावाला आलीस तर बाबांकडं जा, माझा उंबरा वलांडू नको.

तुला खुर्ची मिळाली म्हणून हे खूश झाले. खरंच झाले, मी तोंड बघत व्हते. जाळीपलीकडच्या शिपायाला सांगत व्हते, आमच्या मेव्हणीला मी शिकवलंय.

पुष्पा